फायबरच्या बोटीला मेण कोणतं लावावं? लावलं की महिन्यात उतरतं

भरतीओहोटी
नमस्कार मंडळी. बोट ६ मीटर, उघडी, फायबरची, वय ८ वर्षं. हल (बोटीचं बाहेरचं अंग) पांढरा, वरच्या अंगाला गडद निळा पट्टा. एरवी ट्रेलरवर उन्हात उभी, पाण्यात वापरापुरतीच. हलवरून हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते, निळा पट्टा दुधाळ दिसतो. डब्यातलं घट्ट मेण दोनदा लावून झालं. त्या दिवशी मस्त चकाकी, महिन्याभरात पुन्हा जैसे थे.
मेणच चुकतंय का? कार्नौबा घ्यावं, पॉलिमर की सिरॅमिक? मशीन लागतंच का, की हाताने भागेल? आणि डेकलाही तेच लावायचं का? घासायची तयारी आहे, फक्त उगाच घासायचं नाही.

कोरडी_गोदी
मेणाचा विचार जरा बाजूला ठेवा. हातभर जागा साध्या पाण्याने ओली करा आणि तिरक्या उजेडात बघा. ओली असताना रंग आणि चकाकी परत येत असेल तर जेलकोट (फायबरवरचा बाहेरचा रंगीत थर) वरवर रापलाय, घासून सुधारेल. ओला होऊनही चट्टेरी आणि मंदच राहिला तर प्रकरण खोल आहे. काय दिसतं ते इथे लिहा, मग पुढचं बोलू.

उगाचच
थोडक्यात, बोट कायम ओली ठेवा. धागा संपला. :)

खडूफळा
उगाचच, हसण्यावारी नेऊ नका, धागाकर्त्यांचं मेण तेच करतंय. भुकटीच्या कणांमध्ये हवा असते, तिथे उजेड विखुरतो, म्हणून पृष्ठभाग पांढुरका दिसतो. पाण्याने किंवा मेणाने त्या फटी भरल्या की तात्पुरता नितळ दिसतो.
जेलकोट म्हणजे रंगद्रव्य घातलेलं पॉलिएस्टर रेझिन. साच्यात आधी तेच फवारतात आणि मागून काचतंतूंचे थर बसवतात. जाडी साधारण ०.४ ते ०.६ मिलिमीटर, म्हणजे गाडीच्या वरच्या पारदर्शक थराच्या दहापट. यूव्ही किरणांनी पृष्ठभागावरचं रेझिन तुटत जातं आणि त्यातलं रंगद्रव्य सुटं पडतं. तुमच्या तळव्याला लागते ती हीच भुकटी. तिच्यावर लावलेलं मेण तिलाच धरतं, खालच्या पक्क्या जेलकोटपर्यंत पोचतच नाही. चार वेळा धुतलं की भुकटी जाते आणि मेणही तिच्याबरोबर जातं. ब्रँड बदलून काही साधणार नाही. चकाकी घासण्यातून येते, मेण फक्त ती टिकवतं.

लाटांगण
खडूफळा यांना अनुमोदन. एक भर: बाजारात ‘क्लीनर वॅक्स’ म्हणून एकाच डब्यात सौम्य अ‍ॅब्रेसिव्ह (घासणारे बारीक कण) आणि मेण मिळतं. ते वर्षाला एकदा, जेमतेम मंद झालेल्या हलसाठी ठीक. हाताला भुकटी लागत असेल तर त्याची धाव तिथवर नाही.

मधली_डोलकाठी
आधी धुणं. यातच अर्धी कामं बिघडतात, म्हणून जरा सविस्तर.
एरवी हल सौम्य, मेण न उतरवणाऱ्या बोट-साबणाने धुवायचा. कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) करण्याआधी मात्र उलटं: जुनं मेण निघायलाच हवं, म्हणून भांडी घासायचा तेल कापणारा साबण वापरा. मिठाचे कण राहिले तर तेच बफखाली येऊन ओरखडे पाडतात, तेव्हा गोड्या पाण्याने भरपूर खळबळा. वाळल्यावर मेण उतरवायच्या सॉल्व्हंटने किंवा मिनरल स्पिरिटने पुसा. एका फडक्याने लावा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्याने एकाच दिशेने उचला. तेच फडकं गोल गोल फिरवत राहिलात तर मेण निघत नाही, नुसतं पसरतं.
पाण्याच्या रेषेवर पिवळे-तपकिरी डाग किंवा स्टीलच्या स्क्रूखाली गंजाचे ओघळ असतील तर ते घासू नका. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड असलेला हल क्लीनर लावा, ५-१० मिनिटं थांबा, वाळू न देता धुऊन टाका. हातमोजे आणि चष्मा हवाच. गॅल्व्हनाइझ्ड ट्रेलरवर ओघळू देऊ नका, जस्ताचा लेप खातं. जो डाग रसायनाने जातो त्यासाठी जेलकोट कशाला झिजवायचा?

शिडाची_दोरी
सॉल्व्हंटची भानगड कशाला, अ‍ॅसिटोनने एका फटक्यात काम होतं की.

मधली_डोलकाठी
होतं, पण फार झटकन उडतं. मेण विरघळून फडक्यात यायच्या आत अ‍ॅसिटोन नाहीसं आणि मेण पुन्हा जागच्या जागी. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटच्या काचेवर, हॅचवर थेंब पडला तर ती धुरकट होते, बारीक तडे जातात. रंगवलेल्या भागाचं आणि स्टिकरचंही वाटोळं. छोट्या दुरुस्तीच्या जागी वापरा, अख्ख्या हलवर नको.

शिडाची_दोरी
ठीक, काचेचा मुद्दा मान्य. बाकी मतभेद कायम. :)

पाण्याबाहेर
आता मशीन. ६ मीटरची बोट हाताने कंपाउंड करता येते, पण खांदा आणि निकाल दोन्ही अर्धवट राहतात. हाताने फक्त कडा, कोपरे आणि क्लीटभोवतीच्या (दोरी बांधायच्या खुंटीभोवतीच्या) बेचक्या.
रोटरी पॉलिशर, १८० मिलिमीटरचा लोकरीचा पॅड, जेलकोटसाठी बनवलेलं कंपाउंड. एका वेळी ६० × ६० सेंटिमीटरचाच चौकोन घ्या. चहाचे दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर कंपाउंड ठिपक्यांनी हलवर लावा. मशीन बंद असताना पॅडने ते चोपडून घ्या, नाहीतर पहिल्या फेरीतच सगळं तोंडावर उडतं. मग ६०० आरपीएमला पसरवा आणि १२०० ते १५०० वर कामाला लागा. आडव्या फेऱ्या, मग उभ्या, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढलेली. हात सेकंदाला काही सेंटिमीटर इतका सावकाश चालवा, पण एका जागी थांबू नका. कंपाउंडचा पारदर्शक पातळ थर राहिला की मायक्रोफायबरने पुसा आणि बघा.
दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली उष्णता. फायबर उष्णता फारशी वाहून नेत नाही, ती घासल्या जागीच साठते. हल कोमट लागला तर चालेल, तळहात ठेववत नसेल तर थांबा. जेलकोट करपला की पिवळा डाग पडतो. दुसरी म्हणजे कडा. साच्याच्या धारेवर जेलकोट मुळातच पातळ बसलेला असतो आणि पॅडचा सगळा दाब तिथे एका रेषेत येतो. दोन फेऱ्यांत आरपार. म्हणून कडांना, रबरेलला (बाजूच्या रबरी पट्टीला), स्टिकरला मास्किंग टेप लावा आणि धारेजवळ पॅड असा धरा की तो धारेवरून बाहेरच्या बाजूला फिरेल.
पॅड दर दोन चौकोनांनंतर ताठ ब्रशने विंचरा. सुकलेलं कंपाउंड लोकरीत गठ्ठा होऊन बसलं की कापायचं सोडून ओरखडतं. असे ३-४ पॅड हाताशी ठेवा.

लाटांगण
नवख्या माणसाच्या हातात रोटरी देऊ नये असं स्पष्ट मत. डीए (ड्युअल अ‍ॅक्शन) पॉलिशर घ्या, १५० मिलिमीटरचा, १५ किंवा २१ मिलिमीटर फेक (पॅडची बाजूची हालचाल) असलेला. पॅड फिरतो तसा हलतोही, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही आणि गोल गोल रेषाही पडत नाहीत. मायक्रोफायबरचा कटिंग पॅड लावला तर कंपाउंडही ओढतो.

पाण्याबाहेर
ओढतो, पण भुकटी सुटलेल्या जेलकोटवर डीए दमतो. जेलकोट जाड आणि चिवट, तिथे लोकर आणि रोटरीचा काप लागतो. डीएने त्याच चौकोनावर तिप्पट वेळ जातो आणि वैतागून माणूस अर्ध्यावर मेण लावून मोकळा होतो. मधला रस्ता: पांढऱ्या हलवर रोटरी, आधी ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट अंगावर) हात बसवून घ्या. निळ्या पट्ट्यावर शेवटचा हात डीए आणि मऊ फोम पॅडचा, पॉलिश लावून. लोकरीने पडणाऱ्या गोल रेषा पांढऱ्यावर दिसत नाहीत, गडद रंगावर मात्र ऊन तिरकं पडलं की सगळ्या मोजता येतात.

लाटांगण
या तडजोडीला हरकत नाही.

शिडाची_दोरी
इतकं बफिंग करण्यापेक्षा सरळ ४०० चा वॉटर पेपर मारा, तासात नवा जेलकोट वर.

खडूफळा
४०० नको हो! कागदाने पडलेला प्रत्येक ओरखडा पुढच्या कागदाला त्याच्या तळापर्यंत झिजवूनच काढावा लागतो. ४०० पासून सुरुवात म्हणजे पुढे ६००, ८००, १०००, १५०० अशी उतरंड आणि प्रत्येक पायरीला जेलकोट जातो. मिळालेला अर्धा मिलिमीटर बोटीच्या आयुष्यभरासाठी आहे, एका मोसमात संपवायचा नाही.
कंपाउंडची चाचणी आधी, कागद नंतर. ३० × ३० चा चौकोन टेपने आखा, त्यात दोनदा कंपाउंड करा. चकाकी आली तर कागदाला हात लावू नका. नाहीच आली तर १००० पासून सुरू करा. बादलीत साबणाचे दोन थेंब, कागद मऊ रबरी ठोकळ्याला गुंडाळलेला, बोटांनी दाबायचा नाही, बोटांच्या रेषा उमटतात. हलवर पेन्सिलने फिकट जाळी काढा. जाळी पुसली गेली की थांबायचं. मग १५००, तो आडवा चालला असेल तर २००० उभा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. त्यानंतर कंपाउंड.
घासताना पाण्यात हलच्या रंगाचं दूध दिसणारच. खालून काचतंतूंची वीण डोकावली किंवा रंग पारदर्शक वाटू लागला तर तिथला जेलकोट संपला. पुढचा उपाय नवा जेलकोट किंवा रंग.

कोरडी_गोदी
आणि ओलं घासकाम चालू असताना वायरीचं मशीन जवळ नको. पेपर पूर्ण, हल कोरडा, मग पॉलिशर. बॅटरीवरचा असेल तर उत्तमच.

उगाचच
अवांतर: तारेसारखे तडे, बुडाला फोड, असल्या गोष्टी मेणाने बुजतात का? शेजारच्या बोटीसाठी विचारतोय. :)

कोरडी_गोदी
शेजाऱ्यांना सांगा, नाही बुजत. कंपाउंड तड्यात जाऊन बसतं आणि ते आणखी ठळक दिसतात. तडे आधी कोरून जेलकोट पेस्टने भरायचे. आणि हो, ही दुरुस्ती मेण-पॉलिशच्या आधी. सिलिकॉन असलेलं पॉलिश आधी लागलं असेल तर नवा जेलकोट किंवा रंग त्या जागी धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. तसल्या जागी कागद मारण्याआधी सिलिकॉन सॉल्व्हंटने काढा, नाहीतर कागद तेच ओरखड्यांत भरतो.

लाटांगण
पॉलिशनंतरची एक चाचणी राहिली. बऱ्याच कंपाउंड-पॉलिशमध्ये तेलं असतात, ती बारीक ओरखडे झाकतात. पृष्ठभाग झकास दिसतो आणि दोन आठवड्यांत मंद होतो. आयसोप्रॉपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन चौकोन पुसा. पुसल्यावरही चकाकी तशीच राहिली तर ती खरी. मंद झाली तर अजून एक फेरी बाकी. पॉलिमर किंवा सिरॅमिक लावणार असाल तर अख्खा हल असाच पुसावा लागतो, तेलावर ते चिकटत नाहीत.

मधली_डोलकाठी
आता मेणाकडे येऊ, मूळ प्रश्न तोच होता.
कार्नौबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. वितळतं ८२ ते ८६ अंश सेल्सियसला, म्हणून उन्हात तापलेल्या हलवरही वितळत नाही. शुद्ध कार्नौबा इतकं कडक असतं की नख लागत नाही. लावता यावं म्हणून डब्यात सॉल्व्हंट आणि मऊ मेणं मिसळलेली असतात. तेव्हा डब्यावरचं ‘१०० टक्के कार्नौबा’ म्हणजे आतलं कार्नौबा शुद्ध, अख्खा डबा कार्नौबाचा नव्हे. कडक उन्हात २-३ महिने धरा. लावायला सोपं, चुकलं तर पुसता येतं, चकाकी उबदार.
पॉलिमर सीलंट ४-६ महिने. निघतं पटकन, पांढऱ्या हलवर दिसतंही स्वच्छ. निम्म्या मेहनतीत दुप्पट टिकतं असं म्हटलं तर फार चुकणार नाही.
सिरॅमिक म्हणजे सिलिका असलेला कडक पातळ लेप, नीट लावला तर वर्ष-दोन वर्षं. पण लावण्याआधी जे असेल ते तो आत कोंडून ठेवतो, गोल रेषा, डाग, सगळं. चौकोनात थेंब पसरायचे, हवामानाप्रमाणे मिनिट-दोन मिनिटांत पृष्ठभागावर इंद्रधनुषी झाक आली की लगेच सारखं करायचं. उशीर झाला तर जाड राहिलेले चट्टे कडक होतात आणि ते काढायला पुन्हा अ‍ॅब्रेसिव्ह. पहिले २४ तास दवसुद्धा नको. उघड्यावर उभ्या बोटीला हीच अट सगळ्यात अवघड.

शिडाची_दोरी
टेफ्लॉनवालं घ्या मग, तव्याला काही चिकटत नाही तसं बोटीलाही चिकटणार नाही.

खडूफळा
टेफ्लॉन, म्हणजे पीटीएफई, वितळतंच ३२७ अंशांना. तव्यावर ते भट्टीत भाजून बसवतात. हल तितका तापवलात तर मेणाचा प्रश्नच उरणार नाही. बाटलीत पीटीएफईची पूड असली तरी हलवर ती नुसती मेणात अडकून बसते. त्या बाटलीतलं पॉलिमर चांगलं असू शकतं, पण नावापायी घेऊ नका.

उगाचच
शिडाची दोरी, आज वारा उलटा आहे. :)

शिडाची_दोरी
पाणी मोत्यासारखं थांबतं की नाही एवढं बघायचं, बाकी सगळं पुस्तकी.

लाटांगण
त्या मोत्यांनी फसवणूकच जास्त होते. थेंब गोल राहतो म्हणजे पृष्ठभाग पाण्याला दूर ठेवतोय, इतकंच कळतं. यूव्हीपासून किती बचाव होतोय याचा अंदाज त्यावरून येत नाही. उलट बाजूने मात्र उपयोग आहे: पाणी चादरीसारखं पसरू लागलं की एकतर मेण गेलंय किंवा वर मळाचा थर चढलाय. धुऊन पुन्हा बघा. तरीही पसरलं तर नवा हात द्यायची वेळ झाली.

पाण्याबाहेर
एक सावधगिरी. काही जण घासायचं टाळून अ‍ॅक्रिलिकचा द्रव ५-६ हात चोपडतात. लागलीच काच होते, खरं आहे. पण पुढे उन्हात पिवळा पडतो, पापुद्रे सुटतात आणि मग खास स्ट्रिपरने अख्खा हल सोलावा लागतो. त्यावर कंपाउंड केलं तर पॅड चिकट गोळ्यांनी भरतो. वापरलेली बोट घेतली असेल आणि कंपाउंड विचित्र चिकट वाटलं तर हेच आधी तपासा.

कोरडी_गोदी
अवांतर, पण कुणीतरी हा धागा वाचून करेल म्हणून: हे सगळं जेलकोटचं. बोटीला दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग असेल तर कंपाउंड बंद. ऑलग्रिपसारख्या रंगात सगळ्यात वर स्वच्छ रेझिनचा थर येतो, चकाकी त्यात असते. घासून तो उडवला की रंग झपाट्याने मंद होतो. ऑलक्राफ्ट २००० सारखा अ‍ॅक्रिलिक युरेथेन बफ करता येतो. रंग कोणता हे माहीत नसेल तर अ‍ॅब्रेसिव्ह नसलेलं पॉलिमर, बस्स.

भरतीओहोटी
सगळ्यांचे आभार, हातात वही घेऊन वाचतोय. ओली करून पाहिली: पांढऱ्यावर पूर्ण चकाकी परत येते. निळा पट्टाही ओला असताना गडद होतो, पण नोंदणी क्रमांकाच्या जुन्या स्टिकरखालची जागा आजूबाजूपेक्षा जास्त निळी आहे. एकूण माल किती लागेल? आणि त्या स्टिकरच्या छायेचं काय?

पाण्याबाहेर
मग कागद लागणार नाही. हिशेब असा: दोन बाजू ६ × ०.८ मीटर धरून साडेनऊ, ट्रान्सम आणि आतल्या कडा मिळून आणखी तीन, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ६० × ६० चे पस्तीस चौकोन. प्रत्येकी १० मिलिलिटरने ३५० मिलिलिटर कंपाउंड. उन्हाकडच्या बाजूला दोनदा लागेल, म्हणून १ लिटरची बाटली घ्या. पॉलिश २५० मिलिलिटर. घट्ट मेण एका थराला ५०-६० ग्रॅमच्या वर गेलं तर तुम्ही जाड थापताय. चौकोनाला ४-५ मिनिटं मशीनचीच, पुसणं आणि पॅड विंचरणं वेगळं. एका दिवसात धुणं आणि एक बाजू, इतकंच ठरवा.
स्टिकरच्या छायेखाली मूळ रंग आहे, बाकी फिका पडलाय. कंपाउंडने फरक बराच कमी होतो, पूर्ण जाईलच असं नाही. नवा क्रमांक त्याच जागी, थोड्या मोठ्या अक्षरांत लावा. जुना डिंक हेअर ड्रायरने गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने काढा, ब्लेड नको.

मधली_डोलकाठी
मेण लावताना: सावली, हल हाताला थंड. तापल्या हलवर सॉल्व्हंट आधीच उडतं आणि मेण पट्ट्यापट्ट्यांनी चिकटून बसतं. फोमच्या पॅडने पातळ लावा, धुरकट झालं की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ रेघ उमटली तर पुसायला तयार, फरफटलं तर थांबा. दुसरा हात दुसऱ्या दिवशी, पहिल्यातलं सॉल्व्हंट उडून गेल्यावर. दुसऱ्याने थर फारसा जाड होत नाही, सुटलेल्या जागा भरतात. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचे चट्टे हलवर उमटतात.
तुमच्या वापराला पॉलिमर सीलंट घ्या. निळ्यावर वाटलं तर त्यावर कार्नौबाचा एक हात. उलट क्रम नको, मेणावर पॉलिमर बसत नाही.

भरतीओहोटी
आणि डेक?

कोरडी_गोदी
पाय पडतो तिथे मेण अजिबात नाही. ओल्या डेकवर माणूस थेट पाण्यात. शिवाय खरबरीत नक्षीत मेण वाळून पांढरं बसतं आणि टूथब्रशनेही निघत नाही. नॉन-स्किडसाठी वेगळं, न घसरवणारं पॉलिमर मिळतं, तेच लावा किंवा नुसतं घासून धुवा. गुळगुळीत कडांना, कोमिंगला (बसायच्या जागेभोवतीच्या उभ्या कडेला) हलसारखंच. सुकाणूचं चाक, शिडीच्या पायऱ्या आणि सीटसुद्धा वगळा.

लाटांगण
डेक स्वच्छ ठेवण्याचा हलला थेट फायदा. हलवर उभे काळे ओघळ दिसतात ते बहुतेक डेकचा मळ आणि रबरेलची काजळी. पावसाच्या पाण्याबरोबर तेच खाली येतं.

भरतीओहोटी
पाण्याखालच्या भागाला?

कोरडी_गोदी
ट्रेलरवरच असते, अँटीफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा रंग) नसेल तर मेण चालेल, मळ पटकन सुटतो. पुढे कधी अँटीफाउलिंग लावायचा विचार असेल तर आत्ता मेण नको. ते पूर्ण उतरवल्याशिवाय प्रायमर धरत नाही.

उगाचच
शेजारी विचारतायत, झाकण घालून ठेवली तर मेण लागेल का?

खडूफळा
कमी लागेल. पण झाकण ढिलं असेल तर वाऱ्याने फडफडून धुळीसकट तेच हल घासतं, नेमक्या त्या जागा आधी मंद होतात. ताणून बांधा, कडेला खालून मऊ पट्टी द्या आणि हवा खेळायला फट ठेवा. शेजाऱ्यांना आयडी काढायला सांगा आता.